मोगऱ्याचा अंतरपाट

समुद्र मला पहिल्यांदा पिकअपच्या मागच्या बाजूनं दिसला. पुढं केबिनमध्ये थोरला मुलगा गाडी चालवत होता, त्याच्या शेजारी सून, आणि मी मागं ताडपत्रीखाली मोगऱ्याच्या पेट्यांना पाठ लावून बसलेलो. घाट उतरला तशी झाडी दाट झाली, सदरा घामानं अंगाला चिकटला, आणि एका वळणावर ताडपत्रीच्या फटीतून ते दिसलं. आधी वाटलं, शेततळ्याला अंथरतात तसलं निळं प्लास्टिक कुणी मोठ्या रानावर अंथरलंय. मग ते हललं. मी केबिनच्या काचेवर बुक्क्या मारल्या. थोरल्यानं घाबरून गाडी बाजूला घेतली, त्याला वाटलं पेटी पडली.

"काय झालं, बाबा?"

"समुद्र हाय," मी म्हणलं.

"हाव, हाय की. तिथंच तर चाललोत."

पोरगं वैतागलं होतं, गाडी चालवून डोळे लाल झाले होते त्याचे. पण मला काही ते समजून घ्यायची शुद्ध नव्हती. गोदावरीला पूर आल्यावर जेवढं पाणी दिसतं तेवढंच मी हयातीत पाहिलेलं. मी तिथंच खाली उतरलो आणि म्हणलं, मी आता पुढं बसणार. सून मागं पेट्यांत जाऊन बसली. जाता जाता म्हणाली, "मामा, बघा पोटभर. पण कळ्यांवर ऊन येऊ देऊ नका म्हणून मीच वरडायची का आता?"

त्या कळ्यांसाठी तर आम्ही एवढा मुलूख तुडवत आलो होतो. त्याचं कारण आधी सांगतो.

आम्ही मुदखेडकडचे फुलवाले. आमच्या शिवारात सोयाबीन, कापूस सगळेच करतात, पण फुलंही लई. गलांडा, शेवंती, काकडा, आणि उन्हाळ्यात मोगरा. शेत मी बघायचो आणि विक्री माझी बायको. पहाटेच्या रेल्वेनं पाटी घेऊन ती नांदेडला जायची, बाजारात थोडी फुलं विकायची आणि उरलेली ठरलेल्या घरी घालायची. त्यातलं एक घर डॉक्टरांचं. त्यांची मुलगी तेव्हा लहान होती. आमच्या हिनं वेणीत गजरा माळल्याशिवाय ती शाळेत जायची नाही. पुढं ती पुण्याला शिकायला गेली, नोकरीला लागली, पण नांदेडला आली की हिला निरोप यायचा आणि ही धावत जायची. मी चिडवायचो, म्हणायचो, तुझ्या पोटच्या पोरीला एवढा गजरा कधी माळला नाहीस. ती म्हणायची, माझ्या पोरीचे केस तुमच्यावर गेलेत, त्यात काय माळू.

गेल्या उन्हाळ्यात त्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती मुद्दाम आमच्या शेतात आली. भर उन्हाची, होणाऱ्या नवऱ्याला घेऊन. ही तिला मोगऱ्याच्या वाफ्यात घेऊन गेली आणि म्हणाली, "तुझा अंतरपाट मी मोगऱ्याचा करते. मंगलाष्टकं चालू असताना कळ्या उमलतील, बघ."

ही नुसती बढाई नव्हती. थोरल्याच्या लग्नात तिनं ते करून दाखवलेलं होतं. लग्न अहमदपूरला, सुनेच्या गावी, गोरज मुहूर्तावर. कापडाच्या अंतरपाटाऐवजी तिनं कळकाच्या काठीला मोगऱ्याच्या बंद कळ्यांचे सर बांधले, एकाला एक लागून, पडद्यासारखे. कळी कोणत्या वेळी तोडायची, किती वेळ गारव्यात ठेवायची आणि कधी बाहेर काढायची याचा तिचा एक अंदाज होता. कुणाला सांगितला नाही, विचारलं तर म्हणायची, हाताला कळतं. त्या दिवशी चौथं मंगलाष्टक संपेपर्यंत कळ्या उमलल्या. माणसं अक्षता टाकायची विसरून वास घेत उभी राहिली. आमची सून अजून सांगते, नवरा दिसायच्या आधी मला मोगऱ्याचा वास आला, म्हणून नवरा त्या मानानं बरा वाटला.

दिवाळी झाली आणि माझी बायको गेली. पोटाचं दुखणं होतं, तिनं लपवलं, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यावर मला जास्त लिहायचं नाही. लेक लांबून यायची होती म्हणून हिला एक दिवस काचेच्या गार पेटीत ठेवलं. ती पेटी घुंघुं आवाज करायची. एवढंच.

त्यानंतर मी बाजेवरून फारसा उठत नव्हतो. मोगऱ्याची छाटणी सुनेनंच माणसं लावून करून घेतली. मग डॉक्टरांच्या मुलीचा फोन आला. लग्न समुद्राकाठी एका छोट्या हॉटेलात आहे, खूप लांब आहे, आजी तर आता नाहीत, तेव्हा तुम्ही त्रास घेऊ नका, इथलाच डेकोरेशनवाला सांगितलाय, पण लग्नाला मात्र या. फोन मोठ्या आवाजावर होता, मी ऐकत होतो. मला वाटलं ठीक आहे, सुटलो. सून म्हणाली, "आम्ही येतोत. मुहूर्त कधीचा तेवढं सांगा."

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर खेकसलो. म्हणलं, तू बांधलाय का कधी तसला अंतरपाट?

"बांधला न्हाई," ती म्हणाली. "पण त्याच्यामागं उभी राहिलेली हाय."

खरं सांगतो, त्या दिवशी मी बाजेवरून उठलो. दिलेली जबान आता आमच्या घरावर होती, आणि ती पुरी करायची म्हणजे कळी वेळेवर तोडली पाहिजे, आणि कळी तर मलाच ओळखू येते, हे मला सुनेपेक्षा आधी कळलं. लग्नाच्या आदल्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही वाफ्यात होतो. हिरवेपणा सोडून नुकती पांढरी पडायला लागलेली कळी, तेवढीच घ्यायची. तोडणीच्या बायांना मी इतक्या शिव्या दिल्या की त्या खूश झाल्या, म्हणाल्या, मालक परत आले. पेट्यांत बर्फ, बर्फावर केळीची पानं, पानांवर कळ्या. दुपारच्या आत गाडी निघाली.

अहमदपूरला स्टँडसमोर चहाला थांबलो. तिथं जळकोटची जीप भरत होती, पोरगा दाराला लटकून गावाचं नाव ओरडत होता. माझ्या बायकोचं माहेर त्या रस्त्यावर. दर वेळी इथं थांबलो की ती म्हणायची, एका रात्रीसाठी जाऊन येऊ का, आणि मी म्हणायचो, पुढच्या खेपेला. सुनेनं माझ्या हातात चहाचा ग्लास दिला आणि पेट्यांवरची ताडपत्री नीट करायला गेली. लातूर मागं पडलं, अंधार पडला, आणि सकाळी मी वर सांगितलं तसा समुद्र आला.

आता हॉटेल. पाटी दिसलीच नाही आम्हाला. थोरला दोनदा पुढं निघून गेला आणि मागं आला. एवढ्या मोठ्या लोकांचं हॉटेल, पण दाराशी नाव एवढंसं, लाजल्यासारखं. आत लाल जांभ्या दगडाच्या दहाबारा खोल्या, कौलारू, नारळीच्या झाडांत लपवल्यासारख्या, आणि पलीकडं सरळ वाळू आणि पाणी. कुणाचाच आवाज नाही. नोकरमाणसंसुद्धा कानात बोलतात. मला वाटलं इथं कुणी आजारी आहे की काय.

मॅनेजर एक पोरगी होती, केस मागं घट्ट बांधलेले, हसरी. तिनं आम्हाला कोकमाचं सरबत दिलं, गळ्यात एकेक शंखांची माळ घातली, आणि म्हणाली की नवरीनं तुमच्यासाठी खोली ठेवलीय. मी म्हणलं, आम्ही कामाला आलोत, पाहुणे न्हाई. ती म्हणाली, नवरीनं सांगितलंय तुम्ही असं म्हणाल, आणि तरी खोली द्यायची.

खोलीचं काय सांगू. पलंगावर उशाच इतक्या की झोपायचं कुठं ते शोधावं लागेल. टॉवेलाचा हंस करून ठेवलेला. थोरल्यानं त्या हंसाला हात न लावता त्याच्या शेजारी अंग टाकलं आणि बुटांसकट घोरायला लागला. न्हाणीघराला छत नाही. वर आभाळ, मधे नारळाचं झाड, आणि त्या झाडाशेजारी फवारा. मी मॅनेजर पोरीला विचारलं, वरचं काम राहिलं का?

"नाही आजोबा, ते तसंच आहे. लोकांना मोकळ्यावर अंघोळ आवडते."

म्हणलं, आम्ही जन्मभर मोकळ्यावर अंघोळ केली, तर लोक आम्हाला मागास म्हणायचे. ती इतकी हसली की तिचं कानात बोलणं मोडलं. मग मी ती अंघोळ केली. उघड्यावर, गरम पाण्याची, नारळाच्या झावळ्यांकडं बघत. लई मजा आली. मनात आलं, ही असती तर दोन तास बाहेर आली नसती, आणि मी दार वाजवून वाजवून बेजार झालो असतो.

अंघोळ झाल्यावर कामाला लागलो. मॅनेजर पोरीनं आम्हाला स्वयंपाकघरामागची थंड खोली दाखवली. तिथं दूध, मासळी, भाज्या वेगवेगळ्या कप्प्यांत. एक कप्पा तिनं आमच्या कळ्यांसाठी रिकामा करून ठेवला होता. मी आत पाऊल टाकलं. ते यंत्र घुंघुं करत होतं. मी तसाच उलट्या पावलांनी बाहेर आलो आणि भिंतीला धरून उभा राहिलो. सुनेनं माझ्याकडं बघितलं, मॅनेजर पोरीकडं बघितलं, आणि म्हणाली, "बाहेरच ठेवू. आमच्याकडं बाहेरच ठेवतात."

ते खरंही होतं. आमच्याकडं फूल कसं राखतात, तर झाडाखाली सावलीत ओलं बारदान अंथरायचं, त्यावर फुलं पसरायची, आणि मधून मधून पाण्याचा शिपका मारायचा. आमची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की शिपका मारून पाठ फिरवावी तोवर पाणी गायब. बारदानं आम्ही सोबतच आणली होती. मांडवाशेजारी एका मोठ्या झाडाखाली आम्ही ती अंथरली, सगळ्या पेट्या त्यांवर रिकाम्या केल्या आणि शिपके मारायला लागलो. ती पांढरीशुभ्र रास, मागं निळं पाणी, जाणारा येणारा थांबून मोबाईलवर फोटो काढत होता. मी तर ऐटीत उभा होतो, जणू समुद्रपण मीच लावलाय.

डेकोरेशनवाल्यांची पोरं खांबांना पडदे बांधत होती. त्यातलं एक म्हणालं, आजोबा, संध्याकाळपर्यंत टिकेल का हे? म्हणलं, तुझे पडदे फाटतील पण माझा मोगरा टिकंल.

जेवणं झाली. ताटात मासा होता आणि मी माळकरी नाही, तेव्हा दोनदा घेतला. हात धुऊन झाडाखाली आलो तर सून बारदानाशी गुडघ्यांवर बसलेली. तिनं एक मूठ कळ्या माझ्यापुढं धरली. अर्ध्या फुगून तोंड उघडायच्या बेतात होत्या. कित्येकांच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडल्या होत्या, उकडलेल्यासारख्या. मी हात खाली घातला, तळाशी कळ्या गरम लागल्या. बारदान अजून तसंच ओलं. सकाळी मारलेलं पाणी कुठंच गेलं नव्हतं.

"शिपका मार," मी म्हणलं. दुसरं काही सुचलंच नाही.

सुनेनं पाण्याचं भांडं उचललं, आणि मागून एक बाई ओरडली. "अगो, पाणी कित्याक मारतास? हय वाऱ्यातच पाणी आसा. फुलां कुजतली अशान."

ती हॉटेलच्या चादरी धुणारी बाई होती, सुनेपेक्षा वयानं जास्त, साडी वर खोचलेली, डोक्यात नारिंगी अबोलीची वेणी. मी तिला म्हणलं, आम्ही तीन पिढ्या फुलं करतोत. ती म्हणाली, ती तुमच्या गावात. हय चादर वाळत घातली तर दोन दिवस वाळत नाही, तुमची फुलां काय वाळतली? तिचं बोलणं मला अर्धंच समजलं, पण तेवढं पुरलं. मला एकदम जाणवलं की सकाळपासून माझा सदरासुद्धा वाळला नव्हता.

मग जी पळापळ झाली ती सांगण्यासारखी होती. त्या बाईची इस्त्रीची खोली होती, धुतलेल्या चादरींसाठी कोरडी ठेवलेली, हवेतलं पाणी शोषणारं यंत्र लावलेलं. ती म्हणाली, फुलं तिकडं आणा. मॅनेजर पोरगी धावत आली, पांढऱ्या चादरींना डाग पडतील म्हणाली, मग नवरीच्या आईचा फोन आला तशी म्हणाली, पडू देत. थोरल्याला झोपेतून ओढून काढला. तो डोळे चोळत पेटी उचलून उलट्या दिशेला समुद्राकडंच निघाला होता, त्याला वळवला. डेकोरेशनवाली पोरं पडदे सोडून मदतीला आली. टेबलांवर, कपाटांच्या फळ्यांवर, जमिनीवर, सगळीकडं चादरी अंथरल्या आणि आम्ही एकेक कळी निवडायला बसलो. चांगली इकडं, गेलेली तिकडं. गेलेल्यांची रास वाढत चालली. सून मोजत नव्हती, मीही मोजत नव्हतो, पण दोघांनाही दिसत होतं. चांगल्या कळ्यांत अंतरपाट निम्माच होणार.

ती धुण्याची बाई मधेच नाहीशी झाली होती. परत आली ती पदरात अबोली घेऊन. शेजारपाजारच्या बायांच्या परसातून गोळा केलेली, आणि मागून आणखी दोघी परड्या घेऊन. तिनं ती चादरीवर ओतली. पांढऱ्याशेजारी नारिंगी ढीग.

मी म्हणलं, "न्हाई. मोगऱ्याचा म्हणलं होतं तिनं."

धुण्याची बाई सुनेकडं बघायला लागली. सुनेनं कळी निवडत निवडतच मला विचारलं, "मामा, आत्याबाई इथं असत्या तर काय केलं असतं त्यांनी? रडत बसल्या असत्या का?"

"न्हाई. शिव्या दिल्या असत्या."

"कुणाला?"

"मलाच की."

"मंग मी देऊ का? का तेवढं तुम्ही समजून घेता?"

थोरला खाली मान घालून हसायला लागला. मी त्याच्याकडं डोळे वटारले, पण माझंही तोंड सरळ राहीना. सुनेनं मग हात पुसले आणि उभी राहिली. माझ्यासमोर एक हात स्वतःच्या कपाळाशी धरला, दुसरा छातीशी. "नवरी उभी राहते तेव्हा तिला एवढंच दिसतं," ती म्हणाली. "वरचं दिसत न्हाई, पायाकडचं दिसत न्हाई. मला म्हाईत हाय. एवढ्यात मोगरा घालू. बाकी अबोली."

माझ्या बायकोला हे सुचलं नसतं. तिचं लग्न सात हात कापडाच्या अंतरपाटाआड झालेलं, आणि ती मोगऱ्याच्या पडद्यामागं कधी उभी राहिलेली नव्हती. मी अबोलीच्या ढिगापुढं मांडी घातली आणि दोरा मागितला.

धुण्याच्या बाईनं आणि त्या दोघींनी दोरा घेतलाच नाही. त्यांच्याकडं केळीच्या खोडाचे ओले धागे होते, त्यांत त्या फूल अशा सफाईनं अडकवत होत्या की हात दिसत नव्हते. आम्ही आमच्या पद्धतीनं, त्या त्यांच्या. वर अबोली, मधे मोगरा, खाली पुन्हा अबोली, असे सर तयार होत गेले आणि काठीला लागत गेले. गप्पा तर अशा रंगल्या की काम चालू आहे हे विसरायला व्हावं. त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडं समुद्र नाही तर तुम्ही संध्याकाळी बघता काय? म्हणलं, एकमेकांची तोंडं. शेवटचा सर सुनेनं बांधला तेव्हा वाजंत्री सुरू झाली होती. एकही कळी उमललेली नव्हती. आता जास्त कोरड्यात राहून त्या उमलल्याच नाहीत तर, अशी नवीनच भीती मला लागली. ते मी कुणाला बोललो नाही.

मांडव वाळूवरच होता. सूर्य पाण्याला टेकायला आलेला. डॉक्टर, त्यांची माणसं, नवऱ्याकडची माणसं, सगळी भारी कपड्यांत आणि अनवाणी. नवरी आली. लहानपणी जशी शाळेला निघायची तशीच मान वाकडी करून चालत आली, आणि मला बघून तिनं लांबूनच हात जोडले. काठीची दोन टोकं नवरानवरीच्या मामांनी धरली. पडदा उभा राहिला. पांढरा, नारिंगी, आणि त्याच्या फटींतून मागचं लाल ऊन. माणसांच्या तोंडून आवाज निघाला. मी सुनेकडं बघितलं, ती ओठ चावत होती.

गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक म्हणायला सुरुवात केली आणि समुद्रावरून वारा सुटला.

सर उडायला लागले. आधी टोकं, मग अख्खा पडदाच गाईच्या शेपट्यांसारखा इकडून तिकडं. नवऱ्यानं एका फटीतून डोकावून नवरीला डोळा मारला. मैत्रिणी ओरडल्या. एक सर गुरुजींच्या तोंडाला लागला, त्यांनी तो हातानं बाजूला केला आणि श्लोक चालूच ठेवला. दोन्ही मामा काठी खाली घेत होते, वर घेत होते, काही उपयोग नव्हता. मंगलाष्टकं संपायच्या आत नवरानवरीनं एकमेकांना बघायचं नाही म्हणून तर अंतरपाट, आणि आमचा अंतरपाट दोघांना दाखवून दाखवून हालत होता. अहमदपूरला मंगल कार्यालयात वारा कुठला आलाय. माझ्या बायकोलाही हे कधी सुचलं नसणार.

मी विचार केला नाही. चपला तिथंच टाकल्या, माणसांतून पुढं घुसलो आणि नवरानवरीच्या मधे वाळूत बसकण मारली. उडणाऱ्या सरांची खालची टोकं दोन्ही मुठींत धरली आणि ओढून ताणली. दुसऱ्या बाजूनं सून आली, नवीन साडीसकट तीही बसली आणि उरलेली टोकं तिनं धरली. पडदा ताठ झाला. डॉक्टर "अहो, अहो" म्हणत पुढं आले होते, ते थांबले. टाळ्या वाजल्या. गुरुजींनी दुसरं मंगलाष्टक घेतलं.

मी तसाच बसून. डोक्यावर अक्षता पडतायत, त्या माझ्या टोपीवर, मानेवर, सदऱ्यात. डावीकडं नवऱ्याचे पाय, उजवीकडं नवरीचे, मेंदीनं लाल. हाताला अबोली, आणि मान वर केली की मोगऱ्याचा पट्टा. तिसरं झालं. कळ्या मिटलेल्याच. चौथं झालं. मी वर बघायचंच सोडलं, वाळूकडं बघत राहिलो आणि सर ओढून धरले, म्हणलं, काही उमलो न उमलो, अंतरपाट तर आहे. वारा जोरात आला आणि खारट वासात दुसरा वास मिसळला. मला तो घरचा वाटला म्हणून मी मनाचे खेळ समजून सोडून दिला.

नवरीनं मान खाली केली. गुरुजींच्या आवाजाखाली, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "आजोबा, वर बघा."

उमलत होत्या. सगळ्या नाही, पण मधल्या सरांतल्या, जिथं तिचं तोंड होतं तिथल्या, एकेक करून पाकळ्या सोडत होत्या. मी सुनेकडं बघितलं. ती सरांच्या पलीकडं होती, तिचं तोंड मला तुकड्यातुकड्यांनी दिसत होतं, आणि ते रडतंय का हसतंय ते कळत नव्हतं. नवऱ्यानंही नाक वर केलं होतं आणि डोळे मिटून घेतले होते, डोळा मारायचं विसरून.

शेवटचं मंगलाष्टक संपलं. सावधान झालं, वाजंत्री कडाडली, मामांनी काठी वर उचलली, आणि मी टोकं सोडायचीच विसरलो. काठी अडकली. मामांनी ओढली, मी ओढली. सून म्हणाली, "मामा, सोडा आता," तेव्हा माझ्या मुठी उघडल्या आणि पडदा माझ्या डोक्यावरून सरकत गेला. मी उठायला गेलो तर पाय बधिर झालेले. उठताच येईना.

नवरा हातात हार घेऊन उभा होता. वाकून म्हणाला, "आजोबा, जरा सरकता का? मला हार घालायचाय."

"घाल की," मी म्हणलं. "मी खाली हाय, तू वरून घाल."

अख्खा मांडव हसला, आणि मीही हसलो, इतका की सुनेनं येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. मग त्या दोघांनी माझ्या डोक्यावरून एकमेकांना हार घातले.